आबांच्या विहिरीतला अहिर

१ एप्रिल, मंगळवार

नवं आर्थिक वर्ष. कंपनीत नवी टार्गेटं लागली, म्हटलं घरचंही एक लावावं. टार्गेट : महिनाअखेरपर्यंत आबा आमच्या पुनावळ्याच्या फ्लॅटमध्ये राहायला आले पाहिजेत.

आई गेल्यापासून देहूच्या अलीकडे, शेताच्या उरलेल्या तुकड्यावर एकटेच राहतात. विहिरीकाठी पत्र्याच्या दोन खोल्या. गेल्या महिन्यात विहिरीच्या पायरीवरून घसरले आणि कोणी येईपर्यंत तसेच बसून राहिले. मला दुसऱ्या दिवशी कळलं. तेव्हापासून फोन वाजला की आधी आबांचा आहे का ते बघतो.

आज विषय काढला, तर चक्क हो म्हणाले. तुकडा शेजारच्या सोसायटीला पार्किंगसाठी द्यायलाही तयार. अट एकच. विहिरीत माज्या बानं अहिर सोडलाय, मुक्या जिवावर माती लोटायची न्हाई. आदी त्यो काढ, इंद्रायणीत सोड, मंग खुशाल बुजवा. अहिर म्हणजे सापासारखा लांब मासा, इंग्रजीत ईल. विहिरीचं पाणी जितं राहावं म्हणून जुनी माणसं सोडायची.

एक मासा काढायचा आहे. क्वालिटी डिपार्टमेंटमध्ये माझी हयात गेली. रविवारी काम संपेल.

२ एप्रिल, बुधवार

कंपनीच्या बसमध्ये ईलवरचे व्हिडिओ पाहिले. तळेगाव-चाकण रस्त्याला ट्रॅफिक असल्यामुळे अभ्यास सखोल झाला. आपली वाम, जिचं कालवण लोक मिटक्या मारत खातात, ती खरी ईल नाही. शॉक देणारा इलेक्ट्रिक ईलही खरा ईल नाही. अहिर मात्र अस्सल. मोरे नावाच्या समुद्री ईलला जबड्याच्या आत आणखी एक जबडा असतो. खोल समुद्रातल्या एकाचं तोंडच अंगापेक्षा मोठं. आमच्या प्लांट हेडची आठवण झाली.

मंजुषाला हे सगळं जेवताना सांगितलं. ती म्हणाली, अहो, आधी पोळी संपवा. घरात ज्ञानाची कदर नाही.

४ एप्रिल, शुक्रवार

सापळ्याचं डिझाइन तयार. पीव्हीसी पाइप, तोंडाशी नरसाळं. आत जाता येतं, बाहेर येता येत नाही. कंपनीत याला पोका-योके म्हणतात : चूक करायची म्हटली तरी करता येणार नाही अशी रचना. टूलरूमच्या प्रीतमने विचारलं, सर, नक्की कुठल्या पार्टसाठी? म्हटलं, गोपनीय आहे.

६ एप्रिल, रविवार

सापळा बसवला. थोडं घर्षण झालं. ईल मांसाहारी, म्हणून मी कोंबडीची आतडी घेऊन गेलो होतो. आबांनी पिशवीत डोकावलं आणि मला पिशवीसकट बांधाबाहेर घालवलं. ह्या पान्यावर माजी तुळस वाढती, गळ्यात माळ हाय माज्या, कळतं का न्हाई तुला? कळतं. म्हणून सोयाबीनच्या वड्या लावल्या. प्रोटीन तेवढंच असतं.

पंपाने पाणी उपसायचं सुचवलं, त्यालाही नकार. ऐन उन्हाळ्यात पाणी सांडलं तर गोजाबाईच्या म्हशींनी काय प्यावं? शेजारच्या गोजाबाईंनी लगेच मान हलवली. या बाईंचा प्रोजेक्टशी संबंध काय, ते कळलं नाही.

८ एप्रिल, मंगळवार

फर्स्ट शिफ्ट संपवून थेट विहिरीवर. सापळ्यात एक बेडूक. वड्या फुगल्या आहेत. आज एकादशी, आबांनी साबुदाण्याची खिचडी केली होती. दोन वेळा वाढून घेतली. थोडी सापळ्यातही लावली. उपासाला ईलही चव बदलत असेल.

११ एप्रिल, शुक्रवार

सापळा रिकामा. बेडूकही आला नाही. कंपनीच्या पद्धतीने पाच वेळा ‘का’ विचारला. मासा का सापडला नाही? आत गेला नाही. का गेला नाही? भूक नाही. भूक का नाही? इथे पाचवा ‘का’ येण्याआधीच आबांनी चहा ठेवला आणि आई पहिल्यांदा या विहिरीवर आली तेव्हा पाण्यात अहिर बघून कशी किंचाळली, घागर कशी टाकून पळाली, ते सांगत बसले. ती घागर अजून तळाशी आहे म्हणे. हसून पोट दुखलं. पण रोजचा एक तास असा जातो. वेळेचं नियोजन हवं.

१३ एप्रिल, रविवार

आज दिवसभर तिथेच. प्रगती : पाइप हिरवा झाला आहे. जेवायला पिठलं-भाकरी. झाडाखाली डोळा लागला. याला निरीक्षण म्हणावं.

१५ एप्रिल, मंगळवार

नवी माहिती. अहिराचा जन्म समुद्रात. पिल्लं काचेसारखी, आरपार दिसणारी. ती नदीने वर येतात, वर्षानुवर्षं गोड्या पाण्यात राहतात आणि शेवटी अंडी घालायला परत समुद्राकडे निघतात. वाटेत पाणी नसलं तर ओल्या गवतावरून सरपटत जातात, कातडीने श्वास घेतात. रोचक आहे, पण आपला अहिर विहिरीत असल्यामुळे आपल्या कामाची नाही.

सोसायटीच्या माणसाचा फोन आला. जेसीबी कधी पाठवू? म्हटलं, सापळा व्हॅलिडेशन स्टेजला आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज बसमध्ये डोक्यात लख्ख प्रकाश पडला. मी व्हॅलिडेशन केलंच नाही! लाइनवर तपासणी नीट चालते का हे बघायला आपण मुद्दाम एक खराब पीस सोडतो. तो पकडला गेला तर यंत्रणा ठीक. त्याला रेड रॅबिट म्हणतात. विहिरीतही तेच करायचं. एक मासा स्वतः सोडायचा, सापळ्यात पकडायचा, म्हणजे सापळ्यात दोष नाही हे सिद्ध होईल.

१९ एप्रिल, शनिवार

पिंपरीत लालमहंमदभाईंच्या फिश टँकच्या दुकानात गेलो. अहिर मागितला. ते म्हणाले, साहेब, अहिर नाही, वाम घेऊन जा, एकदम तगडा पीस आहे. तज्ज्ञाच्या दृष्टीने वाम खरी ईल नाही. पण रेड रॅबिट तरी कुठे खरा ससा असतो? घेतली. झाकण टाइट ठेवा, फट दिसली की निघून जाते, असंही म्हणाले. मी त्यांना मोरेच्या दोन जबड्यांबद्दल सांगितलं. त्यांनी मला ऑक्सिजनचा पंपही विकला.

२० एप्रिल, रविवार

ओळख पटावी म्हणून वामेला लाल दोरा बांधायला गेलो. वामेच्या पाठीवर काट्यांची रांग असते. व्हिडिओत होतं ते. तीन बोटांना पट्ट्या.

दुपारी विधिवत सोडली. आबा खाटेवरून बघत होते. गोजाबाईंनी मात्र हळदी-कुंकू वाहिलं. त्यांचंही प्रोजेक्टला पाठबळ आहे असं दिसतं.

२३ एप्रिल, बुधवार

वाम सापडली नाही. गांडुळं लावू का म्हणून आबांना विचारलं. उद्या एकादस हाय, म्हणाले. एकादशा फार असतात.

२६ एप्रिल, शनिवार

वाम सापळ्यावर बसलेली दिसली. आत नाही, वर. माझ्याकडे बघत होती.

२७ एप्रिल, रविवार

आज आबांना स्पष्टच सांगितलं की दोन मासे झाले आहेत, महिना संपत आला, पंप लावावाच लागेल. ते तंबाखू मळत म्हणाले, दोन कुठलं? योकच हाय.

पहिला कुठे गेला? म्हणाले, त्यो गेला कवाच. तुजी आय गेली त्या पावसाळ्यात विहीर तोंडाला आली व्हती, तवा त्यो वर आला, गवतातनं सरपटत वढ्याला लागला आन् गेला नदीला. म्या उभा राहून बघितला. हाक बी मारली.

म्हटलं, मग हे आधी का नाही सांगितलं? म्हणाले, पैल्याच आईतवारी सांगनार व्हतो. पर तू रोज यायाला लागलास. म्हनलं, हुडकू दे पोराला.

रागवायचं ठरवलं होतं, ते राहून गेलं. तरी मुद्दा सोडला नाही. म्हटलं, अहिर नाहीच, म्हणजे अट पूर्ण झाली. सामान बांधा, उद्या जेसीबी बोलावतो. तर म्हणाले, आसं कसं? बानं सोडल्याला गेला, लेकानं सोडल्याला हाय की आत. मुक्या जिवावर माती लोटायची न्हाई. आदी ती वाम काढ.

२८ एप्रिल, सोमवार

सोसायटीच्या माणसाला कळवलं, विहिरीत मासा आहे. तो म्हणाला, तुम्हीच सोडलात म्हणे. गोजाबाई!

३० एप्रिल, बुधवार

महिनाअखेरचा आढावा. वाम अंधार पडल्यावर बाहेर पडते, त्यामुळे तिथे रात्री माणूस हवा, आणि या भागात ईलचा अभ्यास फक्त माझा आहे. शिवाय पायरी निसरडी आहे, आबा पहाटे उठतात. पावसाळ्यापर्यंत मीच तिथे राहीन. चाकणही तिथून जवळ पडतं. मंजुषाने दोन शर्ट आणि उशी भरून दिली. आबा इकडे यायचे होते ना हो, एवढंच म्हणाली. तिला समजावलं की आबा आणि मी एका छपराखाली आलो, म्हणजे टार्गेट साध्य. फक्त ठिकाण बदललं.

संध्याकाळी पोचलो. आबांच्या खाटेशेजारी दुसरी खाट टाकलेली होती, कोऱ्या सुतळीने घट्ट विणलेली. कधी विणलीत म्हणून विचारलं. पाडव्याला, म्हणाले.

माझा प्रोजेक्ट पाडव्यानंतर सुरू झाला होता.