हर्षदा तामोरे यांचा अहवाल

सोमवार, ३ फेब्रुवारी

जेवणाच्या खोलीत मासळी आणू नये, अशी सूचना आज माझ्या सहीने फळ्यावर लागली. मजकूर नविनभाईंचा, भाषा तेवढी माझी. कारखाना त्यांचा, खोली त्यांची. मालकाला एवढा अधिकार असतो, असे मी स्वतःला समजावले. परंतु कार्यालयात मासळीचा डबा आणणारी व्यक्ती एकच आहे — हर्षदा तामोरे. माझी सहायक, चिंचणीची, सप्टेंबरात लागलेली. नाव न घेता एखाद्याचे नाव लिहिणे मला जमते, हे आज कळले.

मंगळवार, ४ फेब्रुवारी

हर्षदा डबा घेऊन बाहेर गेली. पॅकिंगच्या बायका शेडच्या सावलीत जेवतात, त्यांच्यात बसली. मी नेहमीप्रमाणे केबिनमध्ये, दार लावून. पोळी, बटाट्याची भाजी. बाहेर कशावरून तरी फार हसत होत्या. कशावरून, ते विचारणार कोणाला?

गुरुवार, ६ फेब्रुवारी

पाण्याच्या टाकीजवळ जिवली भेटली. पॅकिंगमधली सर्वांत जुनी. हर्षदा तुमच्यात बसते, तर अडचण होत नाही ना, असे विचारले.

"अडचण कसली, साहेब? आमची सुकट इतकी वर्षं बाहेरच हाय. आत कधी बोलावलंच नाय, म्हणून वास आला नाय."

बाकीच्या हसल्या. मीही हसलो, जरा उशिराने. जेवणाच्या खोलीच्या दारावर 'फक्त स्टाफ' अशी पाटी आहे. ती मी रोज वाचतो. आज पहिल्यांदा वाचली.

रविवार, ९ फेब्रुवारी

निर्मलेचा फोन. नातवाला सांभाळायला म्हणून मुलाकडे बंगळूरला गेली, त्याला हे तिसरे वर्ष. "जेवलात ना?" हो म्हटले. काय जेवलो, हे तिने विचारले नाही. आम्ही चिखल्याचे, समुद्रकाठचे, मासळीशिवाय आमच्याकडे रविवार होत नसे. आता एकट्यासाठी कोण साफ करणार? कारखान्यात तर मी मासळी खातो, हेच कोणाला ठाऊक नाही. मी सांगितले नाही. कोणी विचारलेही नाही.

बुधवार, १२ फेब्रुवारी

नविनभाईंनी बोलावले. हर्षदाची उमेदवारी अठ्ठावीस तारखेला संपते. कायम करायचे की नाही, ते माझ्या अहवालावर ठरेल.

"रविंद्रभाई, त्या छोकरीचं काम बरोबर नाही, असं लिहून टाका ने. प्रेमाने सोडून देऊ."

कोणते काम बरोबर नाही, असे विचारले. "ते तुम्ही शोधा. बी.कॉम. तुम्ही आहात!" मग आवाज उतरवून म्हणाले, बाहेरगावचे व्यापारी येतात, बरे दिसत नाही. सूचना लागल्यापासून ती डबा बाहेर नेते, हे मी लक्षात आणून दिले. त्यावर म्हणाले, आज बाहेर नेते, कायम झाली की आत आणेल.

मी नियम सांगितला. उमेदवारी संपताना कारण न देता सोडता येते. मात्र कामात खोट आहे असे लिहिले, तर ती खोट दाखवता आली पाहिजे. उद्या कोणी दाद मागितली, तर हा अहवाल आणि फळ्यावरची सूचना शेजारी शेजारी ठेवली जाईल. कारण न देता काढायचे असेल, तर आदेशावर सही मालकाची हवी. ते त्यांना नको. कारण नसले तर लोक आपले कारण लावतील, म्हणाले. तेही खरेच.

"तुम्ही माझे वकील की तिचे?"

"कारखान्याचा," मी म्हणालो. त्यांना आवडले नाही.

घरी येऊन कायद्याची पुस्तके काढली. स्त्री म्हणून, अपंग म्हणून, आजारी म्हणून कोणाला वेगळे वागवू नये, असे कोठे ना कोठे सापडते. डब्यात काय आहे यावरून नोकरी घालवू नये, असे सरळ वाक्य मात्र मला सापडले नाही. एवढी साधी गोष्ट लिहून ठेवावी लागेल, असे कोणाला वाटले नसावे.

शनिवार, १५ फेब्रुवारी

हर्षदाने आज विचारलेच. "सर, मला ठेवणार आहेत का? पप्पांनी बोट विकलीय. नसतील ठेवणार तर आत्ताच सांगा, तारापूरला अर्ज टाकते."

अहवाल अद्याप लिहिलेला नाही, असे मी सांगितले. उत्तर अचूक होते. तिने "ओके सर" म्हटले आणि संगणकाकडे वळली. आणखी काहीतरी बोलायला हवे होते.

गुरुवार, २० फेब्रुवारी

दिवसभर तिच्या कामात चूक शोधली. पगारपत्रके, भविष्यनिर्वाह निधीची चलने, रजांच्या नोंदी, वापीच्या ट्रान्सपोर्टवाल्यांशी गुजरातीतून केलेला पत्रव्यवहार. एक चूक सापडली. खालची सही पाहिली — पत्र माझे!

संध्याकाळी अहवाल लिहिला. 'कार्यालयाचे सर्व काम हर्षदा तामोरे स्वतंत्रपणे पाहतात. त्यांना देखरेखीची आवश्यकता नाही.' दुसऱ्या वाक्यावर थांबलो. अतिशयोक्ती होते का, ते तपासले. होत नाही. सही केली.

शुक्रवार, २१ फेब्रुवारी

अहवाल दिला. नविनभाईंनी चष्मा लावून सावकाश वाचला. "बघू," म्हणाले.

मंगळवार, २५ फेब्रुवारी

नविनभाई माझ्याशी बोलत नाहीत. हर्षदाही कामापुरतेच बोलते. ती अजून बाहेरच जेवते.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

हर्षदा कायम झाली. नविनभाई मनापासून खूश होते. अहवाल समोर होता, दुसऱ्या वाक्याखाली त्यांनी रेघ ओढलेली. "तुम्हीच लिहिलं ने, रविंद्रभाई, एकटी सगळं सांभाळते? मग दोन माणसं कशाला?" वयाची अठ्ठावन्न पूर्ण झाल्यापासून मला दर मार्चला नोकरीचे एक वर्ष वाढवून मिळते. यंदा नाही. केबिन तिला देणार आहेत. दार लावून जेवेल, म्हणजे वासाचा प्रश्न मिटला, म्हणाले.

घरी आल्यावर अहवालाची प्रत काढून पुन्हा वाचली. एकही शब्द बदलावासा वाटला नाही.