गुरू वक्री असताना

सोमवार, ८ जुलै १९७४
काल लिहिलं ते चूक. ‘बाबांनी वाळपईच्या शाळेतली नोकरी अडवली’ — तसं झालं नाही. बाबा एवढंच म्हणाले, “रुजू व्हायला बरा दिवस पळय गो पंचांगात.” त्यांना मोतीबिंदू, म्हणून घरात पंचांग मीच वाचते. ‘गुरू वक्री, नोव्हेंबरपर्यंत’ — हे मोठ्याने मी वाचलं. गाळता आलं असतं. तेव्हा ते म्हणाले, “मग नोव्हेंबरात जा.” शाळेचं पत्र म्हणतं, १५ जुलैपर्यंत रुजू व्हा, नाहीतर जागा दुसऱ्या कोणाला!

मंगळवार, ९ जुलै
राग जात नाही. हा शब्द मला बाबांनीच शिकवला, शाळेत घालायच्या आधी, ओसरीवर तांदळाचे दाणे मांडून. वक्र म्हणजे वाकडा. वक्री म्हणजे वळण घेतलेला. त्यात ‘वाईट’ कुठे होतं? कोणी घातलं?

गुरुवार, ११ जुलै
साखळीला जाताना आमच्या बसने खनिजाचा ट्रक गाठला आणि मागे टाकला. खिडकीतून क्षणभर वाटलं, ट्रकच मागे सरकतोय! तो तर आमच्याच दिशेने चालला होता. आकाशातही एवढंच. पृथ्वी पुढे निघून जाते आणि ठपका गुरूवर. संध्याकाळी बाबांना सांगितलं.
“तें म्हाका ठाऊक आसा,” म्हणाले.
ठाऊक आहे!

शुक्रवार, १२ जुलै
माळ्यावरून गेल्या वर्षीचं पंचांग काढलं. रघुनाथदादा खाणीच्या हापिसात रुजू झाला ६ ऑगस्टला. गुरू वक्री! त्या दिवशी मला ‘पंचांग वाच’ असं कोणी म्हटलंच नव्हतं. बाबांनी त्याच्या हातावर दही घातलं आणि तो गेला.
पान उघडून बाबांना वाचून दाखवलं.
“तो पुरुष माणूस. त्याचं वेगळं.”
“कोण पुरुष ते गुरूला कसं कळतं?”
दादा फिस्सकन हसला. बाबा म्हणाले, “तोंड बरंच चालायला लागलंय. कोणी शिकवलं?”
“तुम्हीच!”
ते जेवले नाहीत. मीही नाही.

शनिवार, १३ जुलै
शेजारचे जयरामकाका मुहूर्त विचारायला आले. मी पंचांग न वाचताच बाबांच्या मांडीवर ठेवलं आणि आत निघून गेले.

रविवार, १४ जुलै
आईने शेजारून दूध आणून वाटीभर विरजण लावलं. कोणासाठी, विचारलं. माझ्याकडे न बघता म्हणाली, “तुझी बस कितीची गो?”
सहाची. सोमवार, १५ जुलै.