पेंढ्यातले चिकू

प्रिय आत्या,

उद्या वाडीची शेवटची सुनावणी आहे आणि तू नाहीस. मागच्या महिन्यात तू गेलीस, वाडी माझ्या नावावर आली, म्हणून पालघरच्या कचेरीतल्या साहेबांपुढे आता मलाच उभं राहायचंय. त्याआधी तुझ्याशी बोलायला हवं.

पणजोबांनी लावलेली ही चिकूची वाडी. भोवती बोईसर वाढलं, कारखाने आले, चाळी आल्या, वाडी मात्र जिथल्या तिथे. मग सरकारने वाडी घेऊन तिथे इमारती उठवायचं ठरवलं. कागदावर तर जमीन चक्क 'पडीक' लिहिली होती! तुझ्यापेक्षा जास्त राग लोकांनाच आला. दुपारी सावलीत डबा खाणारे कामगार, स्टेशनच्या वाटेवर टोपली उतरवून टेकणाऱ्या कोळणी, सगळ्यांनी वाडी वाचवायच्या अर्जावर सह्या-अंगठे केले. "वाडी गेली त आमी बसायचा कुठं?" म्हणत हिरूबाई कोळीण सर्वांत आधी पुढे आली.

सही नव्हती ती फक्त माझी. तुला ठाऊक होतं ना? इमारत झाली की आपल्यालाही एक फ्लॅट मिळेल, घरात नळाचं पाणी येईल, एवढंच मला दिसत होतं.

तरी पालघरला पहिल्या सुनावणीला जाताना तू टोपली माझ्याच हातात दिलीस. 'पडीक' जमिनीत काय पिकतं ते साहेबांना दाखवायला, सकाळीच तोडलेले चिकू! वाडीत जन्म काढलेल्या बाईने अशी चूक करावी? साहेबांनी कौतुकाने चावा घेतला आणि चिकाने त्यांचे ओठ चिकटले. अख्खी कचेरी हसली. तू शांतपणे म्हणालीस, "आज तोडलेला आज नाय खायचा, साहेब. चार दिस पेंढ्यात ठेवा, मंग बोला."

साहेबही हसले. मग माझ्याकडे वळून त्यांनी विचारलं, "तुम्ही घरच्या ना? तुमचं काय म्हणणं?"

मी टोपलीकडे बघत राहिले.

परतीच्या एसटीत तू मला एका शब्दानेही बोलली नाहीस. चार खडे बोल सुनावले असतेस तर बरं झालं असतं गं. पाचव्या दिवशी साहेब आपणहून वाडी बघायला आले. "घरच्यांचं पुन्हा एकदा ऐकतो, मग निकाल देतो," म्हणाले. त्याच्या आत तू गेलीस.

तू गेल्यावर तीन-चार दिवसांनी घरभर वास सुटला. जाण्याच्या आदल्या दिवशी तू तोडून पेंढ्यात ठेवलेले चिकू पिकले होते. मी नुसती बघत बसले, तेव्हा हिरूबाई म्हणाली, "खा गो, तुझ्यासाटीच ठेवलं हायत." एक खाल्ला आणि तेव्हा कुठे मला रडू आलं.

फ्लॅटचा मोह अजून पुरता सुटलेला नाही, तुझ्याशी खोटं कशाला बोलू? पण वाडी मी देणार नाही. उद्या साहेबांनी विचारलं की मान वर करून तसं सांगेन, हा माझा शब्द. टोपलीही नेणार आहे. काळजी करू नकोस, चिकू मी चार दिवसांपूर्वीच तोडून पेंढ्यात ठेवलेत.

तुझी भाची,
सुमन