सफदरजंग की पालम?

९ जुलै १९५६, सौंसर
मिळाली वेळ! दिल्लीच्या मोठ्या साहेबांनी मामंजींना बोलावलं — वीस तारीख, शुक्रवार, सकाळी अकरा. राज्यांची नवी वाटणी होतेय; सौंसर-पांढुर्णा नागपूरसोबत मराठी मुलखात ठेवा, हा आमचा अर्ज. अर्ज सासऱ्यांचा, पण इंग्रजीत बोलायला सोबत मी! हे तहसिलीत सरकारी नोकरीला, त्यांना तर अशा अर्जावर सहीसुद्धा करता येत नाही.

मामंजींची कंबर बावीस तास रेल्वेत टिकायची नाही. संत्र्याचे व्यापारी म्हणाले, "विमानानं जा, पैशाचं आम्ही पाहून घेतो."
विमान!

१० जुलै
वर्गात भूगोल शिकवताना मनात एकच — वर गेल्यावर रस्ता कशावरून ओळखत असतील? नदीवरून? मग कन्हान दिसेल का?

१२ जुलै
नागपूरला जाऊन आलो. आधी डॉक्टर. मामंजींच्या डाव्या कानाचा पडदा फाटलेला आहे. डॉक्टर म्हणाले, "जा, पण एकदाच चढायचं, एकदाच उतरायचं. मधे उतरून पुन्हा चढणं नको. उजवा कानही जाईल."

मग सीताबर्डीवर तिकिटाच्या कचेरीत. बाबूनं विचारलं, "दिल्लीला कुठं? सफदरजंग की पालम?"
मला वाटलं, गावांची नावं! दिल्लीत विमानतळ दोन आहेत, हे मला आज कळलं. एवढी वर्षं भूगोल शिकवते!
गुरुवारी दोन विमानं. एक थेट सफदरजंगला. दुसरं मधे ग्वाल्हेरला उतरून पालमला. मी इतके प्रश्न विचारले की बाबूनं शेवटी नकाशाच माझ्यापुढे सरकवला. थेट म्हणजे चार तास जमिनीला पाय नाही. भीती वाटली — आणि मजाही.

प्रभाकरला, माझ्या भावाला, तिथूनच पत्र टाकलं. तो दिल्लीत कारकून आहे. साहेबांच्या कचेरीपासून कोणता विमानतळ किती दूर, ते स्वतः जाऊन पाहा म्हटलं.

१६ जुलै
प्रभाकरचं उत्तर. पठ्ठ्या दोन्हीकडे सायकलनं जाऊन आला! सफदरजंग पंचवीस मिनिटं. पालम सव्वा तास, त्यात दोनदा चेन उतरली. "ताई, पालमला विलायतेची विमानं उतरतात, धावपट्टी संपता संपत नाही. सफदरजंग लहानसं, पण कुंपणाशी उभं राहिलं की पायलटची टोपी दिसते."
म्हणजे सफदरजंगच. जवळही, थेटही. ठरलं!

१७ जुलै
कुठलं ठरलं! मी पुन्हा नागपूरला गेले तर थेट विमानात एकच जागा उरलेली. पालमच्या विमानात दोन. बाबू म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सांगा, बाई."
मामंजी एकटे गेले तर तिथं बोलणार कोण? दोघं गेलो तर ग्वाल्हेर, आणि त्यांचा कान! सही न करता बसनं परत आले.

मामंजी बंगईवर झोके घेत बसले होते. सगळं ऐकलं. उजवा कान माझ्याकडे करून म्हणाले,
"मंग तूच जाय."
"मी? एकटी?"
"अर्ज कोनं लिहिला?"
"मी."
"वाचनार कोन?"
"मीच."
"मंग मी काय तेथी कान दाखवाले जाऊ?"
सासूबाई मधेच म्हणाल्या, "विमानात एकटी बाईमानूस! लोक काय म्हनतीन?"
मामंजी म्हणाले, "लोकच तर पाठवून राहिले तिले."
हे उठले, तहसिलीच्या टेलिफोनवरून नागपूरला कळवून आले. माझं नाव दिलं — उर्मिला. सावकाश, एकेक अक्षर सांगितलं म्हणे.

१९ जुलै, दिल्ली
कन्हान दिसली! पेन्सिलीच्या रेघेएवढी. सौंसरच्या बाजूला पाहिलं — संत्र्याचे बगीचे म्हणजे हिरवी ठिगळं. कुठं मराठी संपते, कुठं हिंदी सुरू होते, काही कळलं नाही. खूप शोधलं.
कान दुखले थोडे. उतरताना डोळे मिटायचे नाहीत असं ठरवलं होतं. मिटले नाहीत.
कुंपणाशी प्रभाकर, सायकल घेऊन.

२० जुलै
साहेबांनी सगळं ऐकलं. अर्धा तास! मी बोलले, अडखळले नाही. मग ते म्हणाले, जिल्हा अख्खा मोजला जातो. आमचा छिंदवाडा जिल्हा हिंदीत धरला. रेषा आता हलणार नाही. अर्ज त्यांनी दोन्ही हातांनी परत दिला. रडायचं नाही म्हणून खिडकीबाहेर पाहत राहिले.
उठताना त्यांनीच विचारलं, "तुमच्या भागात मराठी शाळा किती? मुलं किती?"
मी अर्ज उलटून पाहिला. अर्जात इतिहास होता, बोली होती, शाळांचा आकडाच नव्हता!
"एक नोव्हेंबरला नवी राज्यं होतील; त्यानंतर या शाळा कोण चालवणार, ते भोपाळला, तुमच्या नव्या राजधानीत ठरतंय," म्हणाले. "तिथं तुमच्याकडचं कोणीच आलेलं नाही अजून."

२१ जुलै
मामंजींना तार केली — अर्ज नामंजूर. शाळा मोजायला घ्या.
परतीचं तिकीट रेल्वेचं काढलं. नागपूरचं नाही. भोपाळचं.