चार खाडे

दौंड, शनिवार, ६ मार्च १९९९

ती. मारुतरावदादांस,

धाकट्या हौसरावचा पाया पडून नमस्कार. इकडे सगळे मजेत. मी सगळ्यांहून मजेत, फक्त पेजेवर आहे. घशाच्या कॅन्सरवर विजेचे तेहतीस शेक सांगितलेत, त्यातले एकवीस झाले. रोज सकाळच्या गाडीनं पुण्याला जातो, मशीनखाली पडतो, दुपारी परत. मानेची कातडी भाजलेल्या वांग्यासारखी झालीय. आवाज बसलाय, म्हणून फोन न करता लिहितोय. तसंही समोर असलो की तुम्ही मला बोलू कुठं देता?

डॉक्टरबाईंना पहिल्याच दिवशी सरळ विचारलं होतं, किती वर्षं? म्हणाल्या, "एकट्याचं मला सांगता येत नाही. तुमच्यासारखे शंभर घेतले, तर साठजण पाच वर्षांनीही भेटायला येतात. पण तंबाखू बंद आणि शेकाला एकही खाडा नको." मी म्हटलं, साठांत माझं नाव धरा. डबी तिथंच टेबलावर ठेवली.

तुम्ही मात्र मला चाळीसांत धरलंत. "हौशा, तुझ्या डोळ्यांदेखत अनुपमाचं लग्न उरकू. तू गेलास तर वर्षाच्या आत करावं लागंल, न्हाईतर तीन वर्षं थांबायचं," म्हणालात. म्हणून गेल्या महिन्यात शिक्रापूरच्या पाहुण्यांचं घर बघायला चार दिवस तुमच्याकडे कवठ्याला आलो. मुलगा चांगला आहे, कंपनीत पर्मनंट आहे, नाव ठेवायला जागा नाही.

आता खरं सांगतो. डॉक्टरांनी सुट्टी दिली म्हणालो, ते खोटं होतं. न विचारता आलो. परत गेल्यावर बाई केवढ्या चिडल्या! मध्ये खाडे पडले की गाठ पुन्हा जोर धरते म्हणे. "साठांतले पाच-सहाजण तुम्ही चार दिवसांत घालवलेत, हौसराव." मरायच्या आधी लग्न उरकायला गेलो आणि मरणच जवळ ओढून आलो. दादा, त्या दिवशी परतीच्या गाडीत मी रडलो.

रविवारी अनुपमा हॉस्टेलवरून आली. नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे, शेकाचं कार्ड बघूनच खाडे ओळखले. मी कारण सांगितलं, तर एवढंच म्हणाली, "आप्पा, मला कुणी विचारलंच न्हाई." खरंच, कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही.

तेव्हा पंधरा तारखेची सुपारी रद्द. त्या सोमवारी माझा शेक आहे. पाहुण्यांना मी वेगळं पत्र टाकलंय, तुमच्यावर बोल येऊ दिलेला नाही. रागवा खुशाल. पण मी साठांतलाच आहे, हे बघालच तुम्ही.

आणि नसलोच, तर कन्यादानाला तुम्ही आणि वहिनींनी बसायचं. तिचा कोर्स झाल्यावर, तिनं हो म्हटल्यावर. माझ्या दिवसापासून वर्षं मोजायची नाहीत.

जन्मभर तुमचं ऐकलेला, आणि एकदाच तुम्ही माझं ऐकावं म्हणून हात जोडणारा,
तुमचा हौशा