वाटी पोचवणाऱ्या ट्रकची नवी मोटर

९ जून, सोमवार

धावणारी मोटर जळत नाही, अडकलेली जळते. हे कोडे बहुतेकांनी पाहिलेले असते. खेळण्यातली गाडी घरभर पळते तेव्हा कोमट लागते. सोफ्याखाली अडकून नुसती गुरगुरत राहिली की हाताला चटका बसतो. काम शून्य, उष्णता भरपूर. असे का व्हावे?

आज आमच्या रिमोटवर चालणाऱ्या खेळण्यातल्या ट्रकचे तेच झाले. सौ. शालिनीने रव्याच्या लाडवांची वाटी हौद्यात ठेवून, पॅसेजमधून ट्रक चालवत, समोरच्या पाटकरवहिनींकडे पाठवली. वाटी रिकामी परत करायची नाही, हा वहिनींचा नेम. त्यांनी वाटीत जांभळे भरली आणि उरलेली पिशवीही हौद्यात ठेवून दिली. परतताना आमच्या उंबऱ्याला लावलेल्या फळीवर ट्रक अर्ध्यात थांबला. शालिनी खुर्चीत बसून रिमोट दाबतच राहिली. "येतोय हो, जोर लावतोय बिचारा." मग वास आला.

ट्रक अनिकेतचा. मुलगा बंगळुरूला गेल्यापासून माळ्यावर होता. शालिनीला पक्षाघाताचा झटका आल्यानंतर मी तो खाली काढला. रिमोट पिस्तुलासारखा आहे. डाव्या हाताने धरायचा, त्याच हाताच्या बोटाने वेग द्यायचा, आणि बाजूचे फोमचे छोटे चाक उजव्या हाताने फिरवून दिशा द्यायची. फिजिओथेरपीच्या रबरी चेंडूकडे ती ढुंकून पाहत नाही. हे चाक मात्र रोज फिरवते. उजवी बोटे आता हलतात. "हलतात, पण कळत नाहीत," असे ती म्हणते. वाटी गरम की गार, हे डाव्या हाताला विचारावे लागते.

आता चाकही बंद.

१० जून, मंगळवार

मोटर बाहेर काढली. दोन स्क्रू, दोन तारा. आतले तांब्याचे वेटोळे काळे पडलेले. बराच वेळ न्याहाळत बसलो.

शालिनी म्हणाली, "मास्तर, गेली ती गेली. शोकसभा किती वेळ चालणार?"

मग तिला कोड्याचे उत्तर सांगितले. फिरणारी मोटर त्याच क्षणी जनित्रही असते. फिरता फिरता ती स्वतःच उलट दिशेचा विद्युतदाब निर्माण करते आणि बॅटरीला थोपवून धरते, म्हणून तारेतून बेताचाच प्रवाह वाहतो. मोटर अडकली की हा विरोध नाहीसा होतो. बॅटरी हात सैल सोडते आणि येईल तेवढ्या प्रवाहाची उष्णता होते. किती सुंदर व्यवस्था! पस्तीस वर्षे शिकवूनही मला हिचे नवल वाटते.

"म्हणजे चालत राहिली तर ती स्वतःला सांभाळते."

"अगदी बरोबर!"

"आणि बसवून ठेवली की जळते." माझ्याकडे रोखून बघत, "हे मोटरबद्दलच चाललंय ना?"

१२ जून, गुरुवार

चेंडू दिला. तिने पलंगाखाली घरंगळू दिला. पुन्हा दिला, पुन्हा तेच. उजवा हात दिवसभर मांडीवर, पंचा ठेवावा तसा.

पाटकरवहिनी स्वतः वाटी घेऊन आल्या. कोथिंबीर वडी. "भाऊजी, माझ्या जांभळांनीच घात केला हो."

शालिनी म्हणाली, "तू कशाला आणलीस? माझा ट्रक घेऊन येईल."

वहिनी खरोखरच वाटी घेऊन परत गेल्या. वडी मला खायला मिळाली नाही ती नाहीच.

१४ जून, शनिवार

उल्हासनगरला गेलो. खेळण्यांचे सुटे भाग विकणारे दुकान, गल्लीत आत. दुकानदार सिंधी, उत्साही. जळकी मोटर हातात घेऊन म्हणाला, "साईं, ये कमजोर था. ये ले जाओ. ट्रक नहीं, रॉकेट बनेगा." मोटरवर २१ आकडा. मला पटले. जळली म्हणजे कमी पडली. म्हणजे जास्त ताकदीची हवी. तर्क निर्दोष वाटला.

संध्याकाळी बसवली. दोन दातेरी चाकांमध्ये वहीच्या कागदाची पट्टी धरून मोटर घट्ट करायची आणि मग पट्टी ओढून काढायची. दात फार भिडत नाहीत, फार सुटतही नाहीत. हे सगळे शालिनीला दाखवून केले. तिने नुसते बोट टेकवले आणि ट्रक सुटला तो थेट चपलांच्या रॅकवर. तिचा उजवा हात चाकापर्यंत पोचलाही नव्हता.

पुन्हा केले. पुन्हा रॅक.

तिने रिमोट टेबलावर ठेवला. "ही घाईतल्या माणसांची आहे हो." त्यानंतर तिने टीव्ही लावला. पाहत नव्हती.

१५ जून, रविवार

तर्कात खोट होती. ताकद आणि वेग मी एकच धरले. शिवाय मोटर कोणत्या हातासाठी हवी, हे विचारलेच नाही. ते फळ्यावर कुठे लिहिलेले असते?

तो आकडा म्हणजे आतल्या तांब्याच्या तारेच्या वेढ्यांची संख्या. वेढे कमी, तर मोटर वेगवान. वेढे जास्त, तर फेऱ्या कमी, पण थोडक्या प्रवाहात ओढ चांगली. हळू आणि निगुतीने चालते. मला मोठा आकडा हवा. तिच्या बोटांना चाकापर्यंत जायला, ते वळवायला आणि वळले की नाही हे पाहायला अवधी हवा.

आज रिमोटवर फडके टाकलेले दिसले. तिने टाकले असावे. मी काढले नाही.

१६ जून, सोमवार

पुन्हा तेच दुकान. ५५ आकड्याची मागितली.

"साईं, ये तो बैलगाड़ी है!"

"वही चाहिए."

"किसके लिए?"

"मिसेससाठी. हाथ में थोड़ा प्रॉब्लेम है."

तो म्हणाला, "तो पहले बोलना था ना, साईं." आतून मोटर आणली. स्वतः बॅटरीला लावून फिरवून दाखवली, मग कागदात गुंडाळून दिली, मिठाई बांधतात तशी. आधीची परत घेतली नाही; जोडलेली मोटर परत घेत नाहीत म्हणे.

१८ जून, बुधवार

नवी मोटर बसवली. फडके मी काढले आणि रिमोट तिच्या शेजारी ठेवला. काही बोललो नाही. (अवघड गेले.)

चहा झाल्यावर तिने उचलला. बोट दाबले. ट्रक मागे गेला! माझ्याकडून दोन तारा उलट जोडल्या गेल्या होत्या. ती इतकी हसली की वहिनी दार उघडून बाहेर आल्या. हसू आवरत ती मला म्हणाली, "अहो, पस्तीस वर्षे पोरांना काय शिकवलंत?"

तारा बदलल्या. ट्रक हळूहळू निघाला, फळी चढला, उंबरा ओलांडला. पॅसेजमध्ये कुंडीपाशी वळण आहे. तिथे तिने उजव्या हाताने चाक वळवले आणि ट्रक वळला. वहिनी ओरडल्या, "अगं, आली, आली!" वाटीत आमटी होती. थोडीच सांडली. परत येताना वाटीत चिमूटभर साखर.

मात्र एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. ती ट्रककडे पाहतच नाही. स्वतःच्या उजव्या बोटांकडे पाहते. नजर हलली की बोटे चाकावरून सुटतात. बोटे काम करतात, पण बातमी वर पाठवत नाहीत.

तिलाही ते ठाऊक आहे. रात्री म्हणाली, "जन्मभर हाताकडेच बघत बसायचं का हो?"

२२ जून, रविवार

सकाळी तिच्यासमोर ती परत न घेतलेली वेगवान मोटर ठेवली. बॅटरी नाही, काही नाही. दांड्यावर दातेरी चाक आहे, ते बोटाने फिरवायचे.

आधी डाव्या हाताने. तारा मोकळ्या असताना सहज गिरकी घेते. दोन्ही तारांची टोके एकमेकींना टेकवली की तीच मोटर जड होते, लगेच थांबते. फिरवणाऱ्याचीच वीज त्याला अडवते. डोळे मिटायला सांगितले. तारा मी जोडत होतो, सोडत होतो. तिने प्रत्येक वेळी बरोबर सांगितले.

"आता उजव्याने," तीच म्हणाली.

डोळे मिटलेले. मी तारा जोडल्या. तिने फिरवले. सोडल्या. फिरवले. पुन्हा जोडल्या. पुन्हा फिरवले. माझ्याच्याने राहवेना. "फरक..."

"श्श! मास्तर, परीक्षा चालू असताना बोलायचं नसतं."

कपाळावर आठी, मान थोडी कलती, जिना चढून येणारी पावले ओळखताना असते तशी. मी पुन्हा जोडल्या. तिने फिरवले.

कुणाला करून पाहायचे असेल तर छोटी मोटर घ्यावी. तारा मोकळ्या ठेवून दांडा बोटांनी फिरवावा, मग तारा एकमेकींना टेकवून फिरवावा. समोरच्याचे डोळे मिटलेले असावेत. कळतं का, एवढेच एकदा विचारावे आणि गप्प बसावे. उत्तर आपण सांगू नये.

ती अजून फिरवते आहे.