नर्सबाईच्या खोलीतलं धान

मु. बेलटोला, पो. सिहोरा
२ जुलै १९८१

चि. सत्यवतीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

मी आसगाववरून नणंदेले पाहून आली, तर कोपऱ्यातली तुही पेटी नाही अन् दांडीवरची पांढरी साडी नाही. सून मंदा म्हणे, सकाळच्या बसनं मोहाडीले गेली, कायले ते सांगतलं नाही. सख्ख्या आत्याच्या घरून असं चोरावानी जाते काय कोणी? माह्या भावानं हेच शिकवलं काय तुले?

दोन वर्षांत आमच्या दवाखान्यातून तू पाचवी नर्स गेली. मॅनेजर वासुदेवराव पानठेल्यावर सांगून राहिले, का आजकालच्या पोरीइच्या अंगात कामच नाही. मले खाली मान घालून ऐकावं लागलं, कारण तुले मीच बोलावून आणलं. डॉक्टर आठवड्यातून दोनदा येते, बाकी दिवस नर्सच डॉक्टर. मंदाले आठवा लागला आहे, पोळ्याच्या आसपास मोकळी होईल. तवा नाल्यावर पाणी असलं म्हणजे तुमसरची बस बंद. मग तिले कोण पाहील, वासुदेवराव?

काय दुखलं ते लिही. मले मनातलं ओळखता येत नाही, अन् तेवढा वेळही नाही. भावाले, वहिनीले नमस्कार. रागावली आहे, तरी आशीर्वाद आहेच.

तुही आत्या,
धुरपता


मोहाडी
८ जुलै १९८१

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

पत्र पोचलं. बाबांनी मोठ्यानं वाचलं, आई हसली. मी नाही हसली.

तुम्ही विचारलं म्हणून लिहिते. सत्तेचाळीस दिवसांत मला एक सुट्टी मिळाली नाही. दिवसभर ड्यूटी, अन् रात्री कोणी आलं की पुन्हा तुमच्या दारावर हाक. कापूस, औषध, रॉकेल सारं कपाटात, अन् कपाटाची चाबी वासुदेवरावांच्या खिशात. तुमच्या शेजारच्या जनाबाईची लेक बाळंतपणाला आली, त्या दिवशी तिला टेबलावर सोडून मी चाबीसाठी त्यांच्या शेतावर, धानाच्या बांधीपर्यंत पळत गेली. ते गड्यासंग बोलत होते. बोलणं संपेपर्यंत मला बांधावर उभं ठेवलं. बाई सुखरूप सुटली हे माझं नशीब.

दवाखान्यातल्या नर्सच्या खोलीत वासुदेवरावांच्या धानाची पोती, थप्पी छताला लागलेली. मी खोली मागितली, सुट्टी मागितली, तर म्हणाले, तुझ्या आत्याबाईनंच सांगितलं, ही घरची पोरगी आहे, हिला खोली नको, सुट्टी नको, ही तक्रार करणार नाही. आधीच्या नर्सना निदान अर्धी खोली होती. तुमच्या शब्दानं माझी तीही गेली. त्यांचा राग आलाच, पण तुमचा जास्त आला. म्हणून न सांगता निघाली.

नागपूरच्या एका दवाखान्यातून बोलावणं आलं आहे. एक ऑगस्टला हजर व्हायचं. मंदावहिनीच्या पायावर सूज दिसली तर लगेच डॉक्टरला दाखवा. माझा लोभ कमी झाला नाही, सध्या रागाच्या मागं बसला आहे.

तुमची,
सत्यवती


बेलटोला
१३ जुलै १९८१

चि. सत्यवतीस आशीर्वाद. वि. वि.

होय, मीच म्हटलं होतं. मले वाटलं, पोरगी माह्या घरी जेवेल, माह्या नजरेसमोर राहील, अन् कमी मागितलं तर वासुदेवराव तिले टिकवतील. टिकणं तुह्या हातात आहे, हे माह्या डोक्यात आलं नाही. मंदाचे पाय पाहिले, सूज नाही.

तुहं पत्र वाचून मी त्या खोलीच्या खिडकीतून डोकावली. पोत्याइवर उंदरं असे खेळून राहिले का जशी दवाखान्यात त्याईचीच भरती आहे. मग जनाबाईले विचारलं, पहिल्या चौघी काहून गेल्या. तिले सारं माहीत. एकीले सुट्टीच्या दिवशी बोलावलं, एकीले तर वासुदेवरावच्या घरी पाहुणे आले म्हणून भांडे घासाले नेलं. दोन वर्षांत मी कोणाले विचारलंच नाही, जाणाऱ्या पोरीइलेच नावं ठेवत बसली.

काल वासुदेवराव धानाच्या रोवणीचा दिवस धराले आले. आमचा चौदा बायाइचा जथा, पुढं मी. मी म्हटलं, पहिले नर्सची खोली रिकामी करा, मग तुमच्या बांधीत पाय घालू. ते हसले. म्हणे, दवाखान्याचा अन् रोवणीचा काय संबंध. मी म्हटलं, धान दवाखान्यात तुमीच नेलं, संबंध तुमीच जोडला. जनाबाई पदर खोचून माह्या बाजूले उभी राहिली, मग बाकीच्याही आल्या. ते दुसऱ्या गावच्या बाया आणतो म्हणून निघाले. आणा म्हणा. या दिवसांत रिकामी बाई कोणत्या गावात भेटते, ते मलेही पाहाचं आहे.

नागपूरले आताच होकार लिहू नको. एवढं ऐक, बाकी तुही मर्जी.

धुरपता


मोहाडी
१८ जुलै १९८१

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

बाबा म्हणतात, लहानपणी गाय अडवायची असली की तुम्हालाच पाठवत, माणूस अडवला यात त्यांना नवल नाही.

पण नुसत्या खोलीनं मी येणार नाही. आठवड्याची एक सुट्टी, कपाटाची चाबी नर्सजवळ, अन् रात्रीसाठी दुसरी नर्स. तोंडी नको. तोंडी शब्दाचं काय होते ते आपण दोघींनी पाहिलं. कागदावर लिहून, शिक्का मारून भिंतीवर लागलं पाहिजे. महिनाअखेरपर्यंत कळलं नाही तर मी नागपूरला जाईन. तेव्हा मनात राग धरू नका, मीही धरणार नाही.

सत्यवती


बेलटोला
२७ जुलै १९८१

चि. सत्यवतीस आशीर्वाद. वि. वि.

वासुदेवराव सिहोऱ्यापर्यंत फिरून आले, बाया भेटल्या नाही. इकडं पऱ्ह्यातले रोपं वाढून राहिले. वेळेवर रोवले नाही तर धान फुटत नाही, हे त्याईले माह्याहून जास्त समजते. परवा आंगणात आले. तुहं पत्र मी वाचून दाखवलं. चाबीवर अडले. म्हणे, चाबी नर्सजवळ गेली तर मी मॅनेजर कशाचा. जनाबाईनं विचारलं, माह्या लेकीच्या वेळेस बांधावर गप्पा मारत होते ते कशाचे मॅनेजर होते. तवा म्हणे, आणा कागद.

पोती काल बैलगाडीनं त्याईच्या पडवीत गेली. मी अन् जनाबाईनं खोली धुतली, चुना मारला. कागद शिक्क्यासकट भिंतीवर लागला. मी दोनदा वाचला, सुट्टीचा वार बुधवार लिहिला आहे. दुसऱ्या नर्सचं ते म्हणे, लिहून देतो, पण आणू कुठून, इथं कोणी टिकत नाही. एवढं मात्र खरं बोलले.

उद्यापासून आमी त्याईच्याच बांधीत. रोवणी नीटच करू, धानाचा काय दोष.

आली तर पेटी माह्या घरी आणू नको. सीधी खोलीत जा, आतून कडी लाव. कोणी विचारलं तर मी सांगन, नर्सबाई आल्या आहेत. घरची पोरगी आहे, हे आता माह्या तोंडून कोणी ऐकणार नाही.

धुरपता


मोहाडी
२९ जुलै १९८१

ती. आत्याबाईस सा. न. वि. वि.

नागपूरला नकार कळवला. आज पत्र पोस्टात टाकलं.

मी एकटी येत नाही. माझ्यासंग ट्रेनिंगला होती ती गोदावरी घरी बसून आहे, तिनंही अशीच एक जागा सोडली. भिंतीवरच्या कागदाचं सांगितलं तर म्हणे, असा कागद पाहायला तरी येईन. खोलीत दोन खाटा टाकायला सांगा. रात्रीची ड्यूटी आम्ही आपसात वाटून घेऊ. शनिवारच्या बसनं उतरू. आमच्यासाठी रोवणी सोडून येऊ नका. मंदावहिनीला सोमवारी दवाखान्यात पाठवा, आता दर आठवड्याला तपासते.

बुधवारी मी तुमच्याकडे पाहुणी म्हणून जेवायला येईन. पाहुणीला करतात तसं करा, अन् जेवण झाल्यावर माझ्या हातात झाडू देऊ नका.

तुमची भाची,
सत्यवती